नखाएवढा गाभा आणि माझे दांडगे हात

मी बंद केलेली बरणी आमच्या घरात कुणाला उघडत नाही. लोणच्याची असो की शेंगाचटणीची. कुकर, नळ, गॅसचं बटण, सगळं मी असं आवळते की पुढच्या माणसाने माझा उद्धार केल्याशिवाय ते सुटतच नाही. शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे मी. तिथे शिक्का मारते तो खालच्या दाखल्यावरही उमटतो. आमच्या अपार्टमेंटचा प्लंबर तर तोंडावर म्हणतो, "वैनी, तुमी हाय म्हणून आमचं बरं चाललंय की."

माहेर माळशिरसकडचं, उसाचं. आमच्यात सैल बांधलेली मोळी म्हणजे न बांधलेलीच. आता हे हात घेऊन मी पडले कुणाच्या पदरी, तर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात, राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचं एका शटरचं दुकान. लग्न झाल्यावर ह्यांनी मला एकच अट घातली होती, टेबलावरच्या कशालाही हात लावायचा नाही. ती मी इतकी इमानाने पाळली की टेबल पुसायचं फडकंसुद्धा लांबून फेकत असे.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय लवकर परत आला. हात आला, पण सगळा नाही आला. चहाचा कप धरतो, स्क्रू धरत नाही. वाचा आली तीही आधी आईची कानडी आणि मग मराठी. डॉक्टर मराठीत विचारायचे, हे कानडीत उत्तर द्यायचे आणि मधे दुभाषी म्हणून मी. माझी कानडी सासूबाईंकडून मिळालेली, म्हणजे मुख्यतः दोन शब्दांची. 'मेल्लक' म्हणजे हळू आणि 'साकु' म्हणजे पुरे. सून म्हणून या घरात आल्यापासून हेच दोन शब्द माझ्या वाट्याला सर्वांत जास्त आलेले. त्यामुळे डॉक्टरांना मी काय सांगितलं असेल, तो एक देवच जाणे. पण बरे झाले बिचारे.

दुकान मात्र बंदच होतं. हे रोज सकाळी खाली जायचे, शटर अर्धं वर करायचे, आत खुर्चीत बसायचे आणि जेवायच्या वेळेला वर यायचे. मी विचारायची, "काय केलं?" तर म्हणायचे, "बसलो."

अशात मोबाइलची कव्हरं विकणारा एक मुलगा दुकान भाड्याने मागायला आला. मुलगा म्हणजे तसा तिशीतला, लग्न झालेला, बोलायला गोड. रस्त्यावर गाडा लावत होता, त्याला छत हवं होतं. नणंदबाई, म्हणजे आमच्या आक्का, त्याच्या बाजूने एकदम उभ्या राहिल्या.

"दे की रे बाबा," त्या धाकट्या भावाला म्हणाल्या. "काय राहिलंय आता त्यात? सगळ्यांकडं मोबाइल हाय. कोण आणतंय तुझ्याकडं ते डबडं?"

"आणतात," हे म्हणाले.

"कोण आणतंय, नाव सांग की एकाचं."

मला आक्कांचा राग आला नाही. त्या खोटं काही बोलत नव्हत्या आणि हे आजारी असताना दवाखान्यात उशाशी त्याच बसल्या होत्या. शेवटी कव्हरवाल्याला दसऱ्यापर्यंत थांब म्हणून सांगितलं. दसऱ्याला हो किंवा नाही. आणि मला आतून कळत होतं की 'हो' म्हटलं की माझा हा माणूस त्या खुर्चीतून उठून वर येईल तो पुन्हा कधी खाली जायचा नाही.

नवरात्र बसलं आणि आक्कांनी मागितलेलं ते एक नाव स्वतःच्या पायांनी चालत आलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्यात चादरींचे डिझाइन करणारा, आमचं जुनं गिऱ्हाईक. विणकराच्या घरातला, घरी तेलुगू, बाहेर मराठी, वय आमच्याएवढंच. मोटारसायकलच्या मागे चादरीत गुंडाळून त्याने कॉम्प्युटर आणला होता. तान्ह्या बाळाला आणावं तसा.

"काय मालक! किती वाळलाव ओ!" आत येत तो ह्यांना म्हणाला. मग चादर सोडली. "हे बघा. अर्ध्या तासात गप होतंय. दुपारी तर चालूच होत नाय. दिवाळीचे डिझाइन आतच हायत सगळे."

"नवा घ्या," हे म्हणाले.

"नवा हाय की कारखान्यात! पण आमचं नक्षीची भोकं पाडायचं पंचिंग मशीन ह्याच्या आतल्या जुन्या कार्डावर चालतंय, ते कार्ड नव्यात बसत नाय. तुमीच सांगितलं होतं मला, हे जपा म्हणून. आता तुमी केलं तर केलं, नायतर भंगारात."

ह्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. गिऱ्हाइकानेही पाहिलं आणि घाईघाईने नजर भिंतीवरच्या कॅलेंडरला लावली. "गडबड नाय मालक," असं म्हणून तो गेला, पण गडबड होतीच की.

त्या संध्याकाळी मी शाळेतून आले तर हे दुकानात मशीन उघडून बसलेले. डाव्या हाताने. पंख्यात चादरींची लव इतकी साठली होती की आत चिमणीने घरटं केलंय असं वाटावं.

"हे झालं तर दुकान ठेवू," हे म्हणाले. झटक्यानंतर वाक्यं तोडून तोडून बोलायची सवय लागली होती. "नाही झालं तर... देऊन टाकू त्याला."

"मग करा की."

"दोन हात लागतात."

"आहेत की दोन," मी म्हटलं आणि माझे पुढे केले.

ह्यांनी माझ्या हातांकडे असं बघितलं, जसं प्लंबर बघतो.

मग मला धडा सुरू झाला. कॉम्प्युटरचं डोकं म्हणजे प्रोसेसर. त्याच्यावर एक धातूचा जड ठोकळा बसवलेला असतो, उभ्या उभ्या पट्ट्यांचा, त्याला हीटसिंक म्हणतात. ठोकळा आग शोषून घेतो आणि वरचा पंखा ती उडवतो. दोघांच्या मध्ये पांढरी पेस्ट असते. ह्या मशीनमधली पेस्ट वाळून भिंतीच्या पोपड्यासारखी झाली होती, म्हणून डोकं तापत होतं. जुनी पेस्ट पुसायची, नवी लावायची, ठोकळा परत बसवायचा. एवढंच.

"एवढंच?" मी म्हटलं. "मग त्यात काय!"

हे हसले. झटक्यानंतर हसू एका बाजूने जरा जास्त येतं, त्यामुळे थट्टा केल्यासारखं वाटतं. या वेळी केलीच होती.

हल्लीच्या प्रोसेसरच्या डोक्यावर धातूची टोपी असते. ह्या जुन्याला टोपीच नाही. मधोमध करंगळीच्या नखाएवढा गाभा, आरशासारखा चकचकीत, काळा, उघडा. ठोकळा थेट त्याच्यावर बसतो. काचेसारखा कडक आणि काचेसारखाच ठिसूळ. ठोकळा सपाट, सरळ खाली आला तर कितीही जड असो, तो सोसतो. पण जरा तिरपा टेकला, एका कोपऱ्यावर भार आला, की कोपरा उडतो. वर त्या ठोकळ्याला धरून ठेवणारी पोलादी क्लिप एवढी ताठ की स्क्रूड्रायव्हरने जोर लावून खाली दाबल्याशिवाय तिचं तोंड आकड्यात अडकत नाही. म्हणजे एका हाताने ठोकळा फुलासारखा धरायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने ऊसतोड्यासारखा जोर लावायचा. हा प्रकार ज्याने काढला त्या इंजिनिअरला बायको नसावी.

"मग बिनठोकळ्याचं आधी चालू करून बघितलं तर?" मी हुशारी केली.

"श्वास घेईपर्यंत जळेल."

ह्यांच्याकडे चहापत्तीच्या जुन्या डब्यात मेलेले प्रोसेसर होते. त्यातला एक काढून, एका मेलेल्या मदरबोर्डावर बसवून, मला सरावाला दिला. मी ठोकळा ठेवला, क्लिपवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि दाबला. करर्र असा बारीक आवाज आला. भाजका पापड ताटात मोडावा तसा.

"ऐकलं?" हे म्हणाले. "हा आवाज आला की समजायचं, वारला."

"आधीच वारलेला होता की तो!"

"आता तेरावंही झालं."

डब्यातले बरेच जण मी असे पुन्हा मारले. हे शेजारी बसून 'मेल्लक, मेल्लक' करत होते. सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी त्या मागे उभ्या आहेत असं मला वाटलं. रोज शाळा सुटली की मी दुकानात जायची. आक्का एकदा येऊन दारातूनच बघून गेल्या. "नवरा-बायको भातुकली खेळताव व्हय?" म्हणाल्या. पण जाताना आमच्यासाठी कडक भाकरी ठेवून गेल्या.

हळूहळू मला उमगलं की माझी चूक जोराची नव्हती, घाईची होती. ठोकळा पूर्ण टेकायच्या आतच मी दाबायला लागायची. मग मी आधी नुसता ठेवायला शिकले. ठेवायचा, सोडायचा, चारी बाजूंना बोट लावून बघायचं, डुलतो का. नाही डुलला तरच क्लिप. आणि एका संध्याकाळी आवाज न होता क्लिप बसली. ह्यांनी उचलून पाहिलं, गाभा अख्खा. मेलेला, पण अख्खा. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. शाळेत हेडमास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं बरं, पगारपत्रक झालं का?"

खंडेनवमीला खरं काम करायचं ठरलं. हत्यारांच्या पूजेचा दिवस, त्याहून चांगला मुहूर्त कुठला? दुकानात पाट मांडला. त्यावर स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगची कांडी, मीटर, ब्रश. घासून लख्ख केलेला तो ठोकळासुद्धा पाटावर ठेवायचा, असं ह्यांनीच सांगितलं. "आज त्याचं काम हाय," म्हणाले. मी सगळ्यांना विभूतीची बोटं ओढली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग दोघांनी मिळून अक्षता टाकल्या. ह्यांनी डाव्या हाताने टाकल्या. आधी उजवा उचलला होता, मग थांबून डावा. मी बघितलं नाही असं दाखवलं.

नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बसलो कामाला. ठोकळ्याचं बूड ह्यांनी मला पुन्हा पुसायला लावलं. विभूतीचा कणही नको. गाभा पुसला. त्यावर ह्यांनी स्वतः, डाव्या हाताने, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने पेस्ट पसरवली. पातळ, कागदासारखी. ते करताना जीभ बाहेर आली होती ह्यांची, पाटी गिरवणाऱ्या पोरासारखी.

"आता तू."

मी ठोकळा उचलला. बरोबर वर आणला, जरा कलवून खाली बघितलं, नीट आहे ना म्हणून, मग सरळ केला आणि ठेवला. सोडला. बोट लावलं.

डुलला.

अगदी किंचित. तव्यावर फुगलेली भाकरी बोट लावल्यावर डुलते ना, तसा. माझ्या मनात काय आलं सांगू? मनात आलं, पेस्ट आहे मध्ये, दाबलं की बसेल. क्लिपवर स्क्रूड्रायव्हर टेकलेलाच होता. माळशिरसचं सगळं रक्त मनगटात आलं आणि मी दाबायला सुरुवात केली.

"साकु!"

झटक्यानंतर ह्यांच्या तोंडून इतक्या झटकन एकही शब्द आला नव्हता. मी जागच्या जागी थांबले. बाहेर रिक्षा उभी होती तिचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं.

"उचल. सरळ वर."

उचलला. गाभ्याच्या शेजारी, प्रोसेसरच्या पाटीवर, एक तांदूळ पडलेला. हळदीने पिवळा झालेला, अखंड, निवडून घेतलेला. अक्षता तुटक्या चालत नाहीत म्हणून सकाळी मीच ताटात निवडल्या होत्या. ठोकळ्याच्या पट्ट्यांमध्ये अडकून बसला असणार आणि मी ठोकळा कलवला तेव्हा घरंगळून खाली आला. गाभ्यापेक्षा तांदूळ उंच. त्या एका दाण्यावर ठोकळ्याची एक बाजू टेकली आणि दुसरी बाजू सगळा भार घेऊन गाभ्याच्या कोपऱ्यावर.

ह्यांनी भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिले. मग भिंग माझ्याकडे दिलं. कोपऱ्यावर खसखशीहूनही बारीक टवका गेला होता.

"मेला का?" मी विचारलं. त्या टवक्यापुढे मला कव्हरवाला दिसत होता, गुलाबी कव्हरं टांगताना. आणि वरच्या खोलीत खिडकीपाशी बसलेले हे.

"माहीत नाही," हे म्हणाले. "कोपराच आहे. कधी कधी चालतात." मग म्हणाले, "देवानेच टाकला. तू काय करणार."

"देवाने कशाला, मी टाकला."

"मी पण टाकला की," हे म्हणाले. "डाव्या हाताने. नेम कुठं असतोय त्याला."

आणि हसलो आम्ही. वेड्यासारखे. इतकं की डोळ्यांत पाणी आलं आणि ह्यांनी मला लांब सरकवलं, मशीनवर थेंब पडेल म्हणून.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. दाणा चिमट्याने उचलून मी देवाच्या फोटोपुढे ठेवला, फेकवेना. पट्ट्या ब्रशने झाडल्या, ठोकळा उलटा करून आपटला, आणखी तीन-चार अक्षता निघाल्या. पेस्ट पुन्हा पसरली. या वेळी ठोकळा मी ठेवला आणि ह्यांनी त्यांचा डावा तळवा त्याच्या पाठीवर सपाट ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला, ताप बघायला पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"आता दाब. मी आहे."

मी दाबलं. क्लिप आकड्यात गेली. आवाज झाला तो फक्त क्लिपचा.

पंख्याची वायर लावली तोवर आमचा चादरीवाला दारात. कारखान्यातली पूजा आटोपून आला होता, कपाळभर कुंकू. "काय मालक, झालं का?" म्हणाला आणि आमची तोंडं बघून स्टुलावर बसला.

ह्यांनी बटण दाबायला मला सांगितलं. मी म्हटलं, नको, तुम्ही. मग ह्यांनी उजवा हात उचलला. हळूहळू तो बटणापर्यंत गेला. बटण दाबायला काही स्क्रूएवढं कसब लागत नाही.

पंखा फिरला. स्क्रीन काळा. काळाच. चादरीवाला तेलुगूत काहीतरी पुटपुटला, देवाचं नाव असावं. मग पांढरी अक्षरं आली आणि ह्यांनी एक कळ दाबून तापमानाची पाटी उघडली. आकडा तिशीत सुरू झाला. चढत चढत चाळिशी ओलांडली. आम्ही तिघं त्याच्याकडे दहावीचा निकाल बघितल्यासारखे बघत होतो. पन्नाशीच्या अलीकडे तो रेंगाळला, एक पाऊल पुढे, एक मागे, आणि तिथेच मुक्काम केला. आम्हा तिघांचंही वय तिथंच कुठंतरी, त्यामुळे मला तो आकडा फार आपलासा वाटला.

"थांबला की," चादरीवाला म्हणाला.

"आता डिझाइन उघडा," हे म्हणाले. त्याने उघडलं. चादरीचा मोर आला स्क्रीनवर, चौकड्या चौकड्यांचा, पिसारा फुलवलेला. तास उलटून गेला तरी मोर तिथेच होता. ह्यांनी त्याला टवक्याचंही सांगितलं, लपवलं नाही. "जास्त दिवस चालेल का, सांगता येत नाही. डिझाइन दुसरीकडं काढून ठेवा."

"आमचं तरी कुटं सांगता येतंय मालक," तो म्हणाला आणि कॉम्प्युटर चादरीत गुंडाळायला लागला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला कव्हरवाला आपट्याची पानं घेऊन आला. बायकोलाही घेऊन आला होता, नवी साडी नेसून. 'हो' ऐकायलाच आली होती बिचारी. हे खुर्चीतून उठले, पानं घेतली, त्याला दिली आणि एकेक शब्द ओढून म्हणाले, "दुकान नाही द्यायचं. अर्धं घे. भिंत तुझी, टेबल माझं."

त्याने भिंतीकडे बघितलं. "अर्ध्यात बसेल का माझं, काका?"

"कव्हरं टांगायची असतात," हे म्हणाले. "जमिनीला काय करायचंय."

त्याची बायको आधी हसली. मग तोही. आक्का तिथेच होत्या, आपट्याचं पान हातात धरून. त्यांनी भावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "करा काय करायचं ते" म्हणत कव्हरवाल्याच्या बायकोला कुंकू लावायला आत घेऊन गेल्या.

आता भिंतीवर चकाकणारी कव्हरं आहेत आणि टेबलावर आम्ही. परवा कव्हर घ्यायला आलेली कॉलेजातली एक मुलगी टेबल बघून म्हणाली, "काका, लॅपटॉप बघता का? लई तापतोय." ह्यांनी डाव्या हाताने तो उलटा केला आणि मला खुर्ची सरकवली.

"ह्याला तरी टोपी असेल ना?" मी हळूच विचारलं.

"लॅपटॉपात नसते. सगळे उघडेच."

मी कपाळाला हात लावला. ह्यांनी खालचं झाकण काढून ठोकळ्याच्या स्क्रूंकडे बोट दाखवलं. प्रत्येक स्क्रूजवळ धातूवर बारीक आकडा कोरलेला. घट्ट करायचे तेव्हा त्याच क्रमाने, थोडं थोडं, एकदम कुठलाच नाही. सोडवायचे तेव्हा उलट क्रमाने. ती मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"काकू करणार का?" तिने जरा काळजीने विचारलं.

"काकूच करते," हे म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "चार नंबर."

मी चष्मा पुसला आणि चार नंबर शोधायला लागले.